रक्त लवकर न थांबणाऱ्या रुग्णाचा दात काढायचाय? आधी क्रम नीट लावा

गुरुवारी दाढ काढली. शुक्रवारी पोरगं हसत होतं, शनिवारी वरणभात खाल्ला. रविवारी पहाटे तीन वाजता आईचा फोन आला, "मॅडम, उशी रक्तानं भिजलीय, काय करू?" हिमोफिलियाच्या घरांमधून असे फोन मी बरीच वर्षं घेते आहे. प्रत्येक वेळी मागे जाऊन पाहिलं की चूक सापडते, आणि ती बहुधा दात काढतानाची नसते. कधी फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारा घटक, दिल्यावर रुग्ण तीन तास रांगेत बसलेला असतो, कधी एक्स-रे काढायचाच राहिलेला असतो, तर कधी गोळ्या तिसऱ्या दिवशी बंद केलेल्या असतात. साहित्य आणि औषध सगळं हजर असतं, फक्त क्रम चुकलेला असतो.

म्हणून हा लेख रुग्णांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि गावात दवाखाना चालवणाऱ्या दंतवैद्यांसाठी लिहिते आहे. हिमोफिलिया, व्हॉन विलेब्रँड आजार, ग्लान्झमनसारखे प्लेटलेटचे आजार आणि इतर फॅक्टरांची कमतरता असलेल्यांना तो लागू पडेल. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. त्यांनी हा लेख वाचून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये.

विदर्भात एक घोटाळा नेहमी होतो, तो इथेच मिटवते. सिकलसेल म्हणजे हिमोफिलिया नाही. दोन्ही रक्ताचे आणि दोन्ही आनुवंशिक, म्हणून लोक एकाच पिशवीत टाकतात. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशींचा आकार बिघडतो, तर हिमोफिलियात रक्त गोठवणारा घटक कमी असतो. सिकलसेलच्या रुग्णाचा दात काढतानाही काळजी घ्यावी लागते, पण त्याला फॅक्टर लागत नाही. फाइलवर नेमकं काय लिहिलंय ते वाचा. "ब्लडचा प्रॉब्लेम आहे" एवढ्यावर कुणीही काम सुरू करू नये.

पायरी १ : कागद गोळा करा

दंतवैद्याकडे जाण्याआधी हातात एक फाइल हवी, आणि त्या फाइलमध्ये पाच गोष्टी हव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे निदान. हिमोफिलिया ए असेल तर फॅक्टर ८ कमी असतो आणि बी असेल तर फॅक्टर ९. दोन्हींची बाटली वेगळी असते आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

दुसरी गोष्ट, फॅक्टरची टक्केवारी. १ टक्क्याहून कमी म्हणजे तीव्र, १ ते ५ मध्यम आणि त्यावर ४० पर्यंत सौम्य. सौम्यवाल्यांना मी मुद्दाम सांगते की तुम्हीच जास्त फसता. रोजच्या आयुष्यात काहीच त्रास नसतो, त्यामुळे आजार आहे हे आयुष्यात पहिल्यांदा दाढ काढल्यावरच कळतं.

तिसरी, इन्हिबिटरची तपासणी, आणि तीही अलीकडची. काही रुग्णांचं शरीर बाहेरून दिलेल्या फॅक्टरविरुद्धच प्रतिद्रव्यं तयार करतं. मग फॅक्टर देऊनही रक्त थांबत नाही आणि बायपास करणारं वेगळं औषध लागतं. दोन वर्षांपूर्वीचा "इन्हिबिटर नाही" असा रिपोर्ट आज धरून चालू नका.

चौथी, आजचं वजन. डोस किलोवर ठरतो आणि वाढत्या मुलाचं वजन सहा महिन्यांत बदलतं.

पाचवी, चालू असलेली औषधं. एमिसिझुमॅबचं (हिमोफिलिया ए मध्ये रक्तस्राव टाळणारं) इंजेक्शन सुरू असेल तर ते आवर्जून सांगा. त्यावर असताना रक्त गोठण्याची एपीटीटी ही चाचणी नॉर्मल दिसते आणि पाहणारा निर्धास्त होतो. शिवाय काही बायपास औषधं त्यासोबत दिली तर नको तिथे गुठळ्या होण्याचा धोका असतो.

ज्यांचं निदानच झालेलं नाही त्यांचं काय? गावातल्या दंतवैद्यांनी दोन प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी. "याआधी दात काढला, सुंता झाली किंवा कुठे लागलं तेव्हा रक्त दुसऱ्या दिवशीही येत होतं का?" आणि "मामाला असं काही होतं का?" हिमोफिलिया आईकडून मुलाकडे येतो, त्यामुळे मामाची चौकशी ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे. मुली आणि बायकांना पाळीत फार रक्त जातं का, तेही विचारा. वाहक बाईचा फॅक्टरही कमी असू शकतो, आणि व्हॉन विलेब्रँड तर स्त्रीपुरुष दोघांना होतो.

इशारा : पीटी, एपीटीटी आणि प्लेटलेट नॉर्मल आले म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. फॅक्टर १३ ची कमतरता या तिन्ही चाचण्यांत दिसत नाही. जन्मानंतर नाळेतून बरेच दिवस रक्त येत होतं, असं आई सांगत असेल तर थांबा आणि रक्तविकारतज्ज्ञाकडे पाठवा. ग्लान्झमनमध्येही प्लेटलेटची संख्या बरोबर असते, कामच बिघडलेलं असतं.

पायरी २ : एक्स-रे काढा आणि वेगळा दात आधीच ओळखा

ही पायरी सर्वांत जास्त वगळली जाते, म्हणून इथे जरा रेंगाळते.

साधी तपासणी आणि एक्स-रे यांसाठी फॅक्टर लागत नाही. तोंडात फिल्म ठेवताना तिची कड जिभेखाली टोचू नये एवढंच सांभाळायचं. पूर्ण जबड्याचा एक्स-रे (ओपीजी) तर बाहेरूनच निघतो.

भंडाऱ्याकडचा अकरा वर्षांचा एक मुलगा होता, तीव्र हिमोफिलिया ए. वरच्या समोरच्या दोन दातांच्या मधोमध, थोडा टाळूच्या बाजूला, तांदळाच्या दाण्यासारखा निमुळता जादा दात आलेला. वडील एका डोसपुरता फॅक्टर घेऊनच आले होते, "छोटासा तर आहे, काढून द्या." मी आधी एक्स-रे काढला. त्या दाताच्या वर हाडात आणखी एक जादा दात होता, उलटा, टोक नाकाकडे केलेला. त्या दिवशी मी त्यांना परत पाठवलं. वडिलांचा चेहरा उतरला, कारण दिवसाची मजुरी बुडाली होती आणि पोराची शाळाही. पण तीन आठवड्यांनी शस्त्रक्रियेची तयारी करून आणि पुरेसा फॅक्टर जमवून दोन्ही दात एकाच बैठकीत निघाले. त्या दिवशी एक काढला असता तर दुसऱ्यासाठी सगळा फॅक्टर पुन्हा लागला असता.

वेगळ्या घडणीचा दात कुणालाही असू शकतो. रक्तस्रावाच्या रुग्णाला तो दुहेरी महाग पडतो, कारण दहा मिनिटांचं काम तासावर जातं आणि जखम मोठी होते. एक्स-रेत काय शोधायचं ते सांगते.

• वाकडी मुळं : मूळ टोकाला काटकोनात वळलेलं असेल तर ओढल्यावर तुटतं. अशा दाढेचे आधीच तुकडे करून काढायचं ठरवा.

• सिमेंटमने (मुळावरच्या थराने) जोडलेल्या दोन दाढा : बहुधा वरची दुसरी दाढ आणि अक्कलदाढ यांची मुळं एकमेकांना चिकटलेली असतात. एक काढायला गेलं की दुसरीही हलते, कधी हाडाचा तुकडाही सोबत येतो.

• जुळा दुधाचा दात : दोन दात एक होऊन आलेले दिसतात. त्याखाली कायमचा दात कधी कधी नसतोच. असा दात वेळेवर पडत नाही, म्हणून घाईने काढण्याआधी खाली काय आहे ते बघा.

• दातात दात : वरच्या समोरच्या दातांच्या शेजारच्या दातात, मागच्या बाजूला खोल खळगा असतो. वरून दात धडधाकट दिसतो आणि आत कीड थेट दाताच्या नसेपर्यंत पोहोचते.

• दाढेवरचा टेंगूळ : खालच्या उपदाढेच्या मध्यभागी छोटा उंचवटा असतो. चावताना तो मोडतो आणि कीड न लागताही नस सडते.

शेवटच्या दोन प्रकारांबद्दल पालकांना कळकळीने सांगते. समोरच्या शेजारचा दात ८–९ व्या वर्षी येतो आणि खालच्या उपदाढा १० ते १२ व्या वर्षी. त्या वयात दात आल्या आल्या दाखवलात तर तो खळगा सीलंटने बुजवता येतो आणि टेंगळाला भोवतीने मसाल्याचा आधार देता येतो. सुई नाही, रक्त नाही, फॅक्टर नाही. तीच गोष्ट दोन वर्षांनी पू झाल्यावर आली की रूट कॅनल किंवा दात काढणं.

जन्मतःच दात असलेलं बाळही अधूनमधून येतं, दोन-तीन हजारांत एखादं. घरात लगेच अपशकुनाची कुजबुज सुरू होते आणि आजी म्हणते, "उपटून टाका." हात लावू नका. बहुतेक वेळा तो जादा नसून नेहमीचा दुधाचा दातच लवकर आलेला असतो. तो फार हलत असेल आणि श्वासनलिकेत जाण्याची भीती असेल तरच काढायचा, आणि घराण्यात हिमोफिलिया असेल तर बाळाची तपासणी झाल्याशिवाय तर नाहीच.

पायरी ३ : दात वाचतो का ते विचारा

प्रत्येक वेळी हा प्रश्न विचारा. रूट कॅनलमध्ये उघडी जखम राहत नाही, त्यामुळे रक्तस्रावाच्या रुग्णासाठी ते काढण्यापेक्षा बरंच सुरक्षित आहे. हलणारा दुधाचा दात जिभेने ढकलत बसू नये, दोरा बांधून ओढू नये. तो आपसूक पडू द्यावा. पडल्यावर ओल्या गॉझने दाबून धरलं की बहुधा भागतं. मात्र अर्धवट लटकून हिरडी रोज कापत असेल तर फोन करा.

काढण्याशिवाय इलाजच नसेल तर तोंडात आणखी काय काय करायचंय त्याची यादी करा. एका फॅक्टरच्या आडोशाने जेवढं काम होईल तेवढं एकाच दिवशी उरकायचं, पण जखम झेपेल इतकीच. चार बाजूंच्या चार दाढा एकदम काढणं म्हणजे शहाणपण नाही.

पायरी ४ : रक्तविकारतज्ज्ञाकडून लेखी योजना घ्या

"सरांनी हो म्हटलंय" हे मला चालत नाही. कागदावर औषधाचं नाव, डोस, वेळ, पुढचे डोस आणि रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा हे सगळं लिहिलेलं हवं.

हिशेब कसा होतो ते रुग्णालाही माहीत असावं. फॅक्टर ८ चं एक युनिट किलोमागे दिलं की पातळी साधारण २ टक्क्यांनी वाढते, फॅक्टर ९ चं एक युनिट दिलं की साधारण १ टक्क्याने. समजा मुलगा ४० किलोचा आहे, पातळी जवळजवळ शून्य आहे आणि डॉक्टरांना ती ५० टक्क्यांवर न्यायची आहे. फॅक्टर ८ असेल तर ४० × ५० ÷ २ = १००० युनिट. फॅक्टर ९ असेल तर ४० × ५० = २००० युनिट. किती टक्क्यांवर न्यायचं हे तज्ज्ञच ठरवतील. हे उदाहरण फक्त एवढ्यासाठी दिलं की हातातल्या बाटल्या पुरतात की नाही हे तुम्हाला आदल्या आठवड्यातच कळावं.

व्हॉन विलेब्रँडवाल्यांनी बाटलीवरचं नाव नीट वाचावं. ज्यात व्हॉन विलेब्रँड घटक आहे असाच फॅक्टर ८ त्यांना उपयोगी पडतो, नुसता प्रयोगशाळेत बनवलेला फॅक्टर ८ पुरत नाही. सौम्य प्रकारात डेस्मोप्रेसिन या औषधावर भागू शकतं, पण ते प्रत्येकाला चालत नाही, म्हणून आधी चाचणी डोस देऊन पाहतात. ते दिल्यावर पाणी मोजून प्यायचं असतं.

तपासा : योजनेत ट्रानेक्सामिक ॲसिड आहे का? तोंडातली लाळ तयार झालेली गुठळी विरघळवत राहते आणि हे औषध तेच रोखतं. दात काढताना ते जवळजवळ फॅक्टरइतकंच मोलाचं आहे. लघवीतून रक्त जात असेल किंवा काही विशिष्ट बायपास औषधं चालू असतील तर मात्र ते देत नाहीत.

पायरी ५ : वार, जागा आणि बर्फाची पेटी

सोमवार किंवा मंगळवार सकाळ निवडा. रक्त पुन्हा सुरू होण्याचा धोका तिसऱ्या ते सातव्या दिवशी जास्त असतो, आणि ते दिवस शक्यतो कामाच्या वारांत यावेत. गुरुवारी केलेलं काम रविवारी पहाटे रडवतं. पोळ्याच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर तर तारीख घेऊच नका.

नागपुरात फॅक्टर आणि दात या दोन गोष्टी वेगवेगळ्या इमारतींत असू शकतात. तुमची नोंद मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) आहे, मेयोला आहे, डागाला आहे की एम्सला, आणि दात शासकीय दंत महाविद्यालयात काढायचाय की खाजगीत, हे आधी जुळवा. दोन्हीकडच्या डॉक्टरांचं एकमेकांशी फोनवर बोलणं झालंय याची खात्री करा. फॅक्टर त्या दिवशी शिल्लक आहे का, हेही आदल्या दिवशी विचारा.

गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडून येणाऱ्यांनी त्याच संध्याकाळी एसटीने परत निघू नये. पहिली रात्र तरी नागपुरात काढावी. आरमोरीच्या पुढे कुठे रात्री रक्त सुरू झालं तर काय कराल, याचं उत्तर आधी शोधून ठेवा.

फॅक्टर स्वतः घेऊन येत असाल तर तो २ ते ८ अंशांत राहायला हवा. काही बाटल्या थोडे दिवस २५ किंवा ३० अंशांपर्यंत चालतात, तसं वेष्टणावर लिहिलेलं असतं. पण मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून जास्त. थर्मासची पेटी घ्या. बाटली बर्फाला थेट चिकटवू नका, मध्ये कापड घाला, कारण गोठलेला फॅक्टरही वाया जातो.

आदल्या आठवड्यात दात स्वच्छ करून घ्या. सुजलेल्या हिरडीतून दात काढला की रक्त जास्त येतं. ट्रानेक्सामिकची पहिली गोळी आदल्या रात्री की कामाआधी दोन तास, ते योजनेत लिहिलेलं असेल तसं घ्या. भूल जागेवरची असेल तर सकाळी पोटभर नाश्ता करून या, पूर्ण भूल असेल तर उपाशी.

इशारा : दाढ ठणकतेय म्हणून या दिवसांत कॉम्बिफ्लाम, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन घेऊ नका. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉल असतं, पण सोबत आयबुप्रोफेनही असतं. साधं पॅरासिटामॉल चालतं. यकृताचा त्रास असेल तर तेही डॉक्टरांना विचारून. आणि गावात "दुखण्याचं इंजेक्शन" कमरेत टोचून घेणं म्हणजे दुहेरी घात : औषध चुकीचं आणि स्नायूत रक्ताची गाठ.

पायरी ६ : त्या दिवसाचं घड्याळ

आधी फॅक्टर, मग सुई, मग दात. आणि या तिघांत अंतर कमीत कमी.

फॅक्टरची पातळी दिल्याबरोबर सर्वांत वर असते आणि तिथून उतरत जाते. फॅक्टर ८ साधारण ८ ते १२ तासांत निम्मा होतो, लहान मुलांत त्याहूनही लवकर. म्हणून फॅक्टर संपल्यापासून अर्ध्या ते एका तासात दात काढायला सुरुवात व्हावी. मी स्वतः एकदा हे चुकताना पाहिलंय. मुलाला सकाळी साडेनऊला एका ठिकाणी फॅक्टर मिळाला, दुसऱ्या ठिकाणी केसपेपर, एक्स-रे, सही, जेवणाची सुट्टी असं करत दात निघाला पावणेतीनला. रात्री नऊला रक्त सुरू झालं. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं, फक्त घड्याळ कुणी पाहिलं नव्हतं.

म्हणून मी सांगते की खुर्ची रिकामी करून ठेवा, ट्रे मांडा, संमतीपत्रावर सही घ्या, एक्स-रे लाइटवर लावा आणि मगच फॅक्टर सुरू करा. शक्य असेल तर खुर्चीशेजारीच. बाटली विरघळवताना जोरात हलवू नका, हातात हलकेच फिरवा.

तपासा : बाटलीचं नाव, युनिट, मुदत, रुग्णाचं नाव. दोघांनी मोठ्याने वाचायचं. वेळ फाइलवर लिहायची.

पायरी ७ : खुर्चीवर (मुख्यतः दंतवैद्यांसाठी)

खालच्या जबड्याचा ब्लॉक (अख्खी बाजू बधिर करणारी भूल) फॅक्टरशिवाय देऊ नका. सुईने आतल्या शिरेला लागलं तर रक्त घशाच्या बाजूला पसरतं आणि श्वास अडकू शकतो. जिभेच्या बाजूची सुईही तशीच. हिरडीच्या बाहेरून दिलेली भूल किंवा दाताच्या कडेच्या बंधात दिलेली भूल त्या मानाने निर्धोक. खालच्या दाढेसाठी आर्टिकेन बाहेरून दिल्यावर पुष्कळदा काम होतं. सुई सावकाश, आधी मागे ओढून पाहून.

दात उपसताना जोर नको. गरज पडली तर दाढ कापून मुळं वेगळी काढा. काढल्यावर सुजलेला लाल मांसल भाग खरवडून काढा, कारण रक्त बऱ्याचदा त्यातूनच येत राहतं. खळग्यात जिलेटिन स्पंज किंवा ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज भरा आणि विरघळणारे टाके घाला. काढावे लागणारे टाके म्हणजे सातव्या दिवशी पुन्हा एक जखम. मग ट्रानेक्सामिकमध्ये भिजवलेलं गॉझ ठेवून घट्ट चावायला सांगा.

वीस ते तीस मिनिटं, घड्याळ लावून. मधूनमधून उघडून "थांबलं का?" बघण्याची खोड सगळ्यांना असते. प्रत्येक वेळी उघडलं की गुठळी गॉझबरोबर निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. रुग्णाला निदान दोन तास समोर बसवून ठेवा.

पायरी ८ : घरी, पहिले दोन दिवस

पहिले चोवीस तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. लाळ आली तर गिळा. थोडी गुलाबी लाळ म्हणजे रक्तस्राव नव्हे. चमचाभर रक्त वाटीभर लाळेत मिसळलं की घर घाबरतं.

खाणं गार आणि मऊ : दहीभात, गार झालेली मऊ खिचडी, सोजी, ताक. आठवडा-दहा दिवस तर्री पोहे, चिवडा, शेंगदाणे, भाकरीचा कडक पापुद्रा बंद. गरम चहाही पहिल्या दिवशी नको. झोपताना डोक्याखाली दोन उश्या.

खर्रा (तंबाखू-सुपारी-चुन्याचं मिश्रण) बंद. हे वेगळ्या ओळीत लिहिते, कारण नागपुरात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताज्या जखमेच्या शेजारी खर्रा दाबून आलेली माणसं मी पाहिली आहेत. सुपारीचे कण टाक्यांत घुसतात, चुना जखम जाळतो आणि थुंकल्यावर गुठळी उखडते. जखमेत हळद, तुरटी, मशेरी असलंही काही भरू नका.

ट्रानेक्सामिकच्या गोळ्या ५ ते ७ दिवस, ठरलेल्या वेळेला. डॉक्टरांनी त्याचं तोंडात धरायचं पाणीही सांगितलं असेल तर ५०० मिलिग्रॅमची एक गोळी बारीक करून १० मिलिलिटर पाण्यात ढवळा. ते पाणी जखमेच्या बाजूला दोन मिनिटं नुसतं धरायचं आणि मान वाकवून गळू द्यायचं, दिवसातून चार वेळा. खळखळवायचं नाही.

पायरी ९ : तिसरा ते सातवा दिवस, खरी राखण

दुखणं थांबलेलं असतं, सूज उतरलेली असते, आणि घरचे म्हणतात, "आता कशाला गोळ्या?" इथेच घसरतं. गोळ्या पूर्ण करा. फॅक्टरचा दुसरा डोस योजनेत असेल तर बरं वाटतंय म्हणून तो टाळू नका.

रोज सकाळ-संध्याकाळ टॉर्च लावून जखम बघा. हात लावायचा नाही. गुठळी गडद, चपटी आणि जागेवर असेल तर उत्तम. खळग्याच्या बाहेर फुगून आलेला, काळपट लाल, थरथरता, काळजाच्या तुकड्यासारखा गोळा दिसला तर सावध व्हा. लोकांना वाटतं रक्त गोठलंय, म्हणजे चांगलंच. खरं म्हणजे त्याच्याखालून रक्त पाझरतच असतं आणि तो गोळा फक्त वर झाकण घालून बसलेला असतो.

तेव्हा या क्रमाने करा :

१. रुग्णाला बसवा, आडवं करू नका.
२. ओल्या गॉझने तो सैल गोळा हलकेच पुसून काढा.
३. ट्रानेक्सामिकच्या पाण्यात भिजवलेलं गॉझ नेमकं जखमेवर ठेवून वीस मिनिटं चावायला लावा. कापूस नको, त्याचे धागे चिकटतात.
४. हे चालू असतानाच योजनेतल्या नंबरवर फोन करा.
५. वीस मिनिटांत थांबलं नाही तर निघा. फाइल आणि घरी असेल तो फॅक्टर सोबत घ्या.

लहान मुलं झोपेत रक्त गिळतात आणि उशीवर काहीच दिसत नाही. सकाळी काळी उलटी, डांबरासारखी शी, फिकट ओठ दिसले तर रात्रभर रक्त जात होतं असं समजा.

इशारा : जिभेखाली किंवा गळ्याला सूज, गिळताना त्रास, घोगरा आवाज, तोंड न उघडणं, श्वासाला धाप, यातलं एकही दिसलं तर गॉझ-फोन करत बसू नका. थेट कॅज्युअल्टी. दारातच सांगा, "हिमोफिलिया आहे, आधी फॅक्टर द्या, तपासण्या नंतर."

पायरी १० : दहाव्या दिवशी

जखम दाखवून घ्या आणि दात घासणं पूर्ण सुरू करा. हिरडीतून रक्त येतं म्हणून ब्रश बंद करणं ही मी पाहिलेली सर्वांत जुनी आणि सर्वांत नुकसानीची चूक आहे. ब्रश थांबला की कीटण साचतं, हिरडी आणखी सुजते, रक्त आणखी येतं आणि शेवटी दात काढायची पाळी येते. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा. बाळाला पहिला दात आला की, ते वर्षाचं व्हायच्या आत पहिली भेट, पुढे दर सहा महिन्यांनी.

हिमोफिलिया २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. ज्यांनी अजून प्रमाणपत्र काढलेलं नाही त्यांनी याच फेरीत त्याची चौकशी करावी.

आणि फाइल बंद करण्याआधी दंतवैद्याकडून एक पान लिहून घ्या : कुठला दात, मुळं कशी होती, कुठला फॅक्टर किती युनिट, किती वाजता दिला, किती वाजता दात निघाला, कुठली भूल, रक्त थांबायला किती मिनिटं लागली, तिसऱ्या दिवशी काय झालं. भंडाऱ्याच्या त्या मुलाच्या आईने हे पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फाइलच्या पहिल्याच पानाला टाचलं आहे. मागच्या पावसाळ्यात त्याची उपदाढ दुखायला लागली तेव्हा तिने मला फोनवर ते पान वाचून दाखवलं, आणि किती बाटल्या लागतील ते आम्ही तिथल्या तिथे ठरवलं.